गाठ न दाखवणारा लिम्फोमा आणि नाशिकमधील एक रक्तविकार विभाग

नाशिक शहरातील एका खासगी रुग्णालयाच्या रक्तविकार विभागात माझ्या थोरल्या बंधूंवर लिम्फोमाचे, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाचे, उपचार झाले. त्या विभागाच्या सेवेचे हे परीक्षण आहे. रुग्णालयाचे नाव मी देत नाही, कारण पुढे नोंदवलेली एक गंभीर तक्रार मी व्यवस्थापनाकडे लेखी दिली असून तिचे उत्तर अद्याप आलेले नाही, आणि तोपर्यंत एका बाजूचे म्हणणे नावानिशी मांडणे मला योग्य वाटत नाही. नावावाचूनही हे लेखन उपयोगी पडेल असे वाटते. मानेत गाठ घेऊन येणाऱ्या रुग्णाचा मार्ग बऱ्यापैकी ठरलेला असतो. विभागाची खरी परीक्षा आडवाटेने आलेल्या रुग्णावर होते, आणि आमचे दादा तसेच आले होते.

लिम्फोमा म्हटले की मान, काख किंवा जांघ येथे न दुखणारी गाठ, संध्याकाळचा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम आणि सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक घटलेले वजन असे चित्र डोळ्यांसमोर येते. दादांना ताप नव्हता, घाम नव्हता आणि अंगावर कोठेही हाताला लागेल अशी गाठ नव्हती. निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. त्यांना थकवा होता, खाटेवरून उठताना अंधारी येत होती, जेवणावरची वासना उडाली होती आणि मीठ मात्र जास्त लागत होते. शिवाय रंग काळवंडला होता. पण भर उन्हात छाटणी करवून घेणाऱ्या माणसाचा रंग काळवंडला, याची दखल कोण घेणार? तपासण्यांत सोडियम कमी आणि पोटॅशियम वाढलेले आढळले, सोनोग्राफीत दोन्ही अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसणाऱ्या लहानशा ग्रंथी, भल्यामोठ्या झालेल्या दिसल्या, आणि एका डॉक्टरांनी क्षयाची औषधे लगेच सुरू करण्याचा सल्ला दिला. हा सल्ला अगदीच निराधार नव्हता. आपल्या देशात दोन्ही अधिवृक्क ग्रंथी सुजून निकामी होण्यामागे क्षय हे जुने आणि ठाऊक असलेले कारण आहे. मात्र लिम्फोमाही नेमका तसाच दिसू शकतो, आणि बायोप्सी करून, म्हणजे ग्रंथीचा तुकडा काढून, न तपासता क्षयाचे उपचार करत राहिल्यास हातचे महिने निघून जातात.

या टप्प्यावर आम्ही ज्या विभागात पोहोचलो, त्याला निदानाच्या कामाबद्दल मी पूर्ण गुण देईन. तेथील रक्तविकारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत दादांच्या हिरड्या आणि तळहातांच्या रेषा पाहिल्या. उन्हाने रापलेल्या माणसाच्या हिरड्या काळ्या पडत नाहीत, अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या माणसाच्या पडतात, असे त्यांनी आम्हाला समजावले. सकाळच्या कॉर्टिसोलची, म्हणजे या ग्रंथींत तयार होणाऱ्या शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडची, तपासणी त्याच दिवशी गेली आणि संप्रेरकतज्ज्ञांना त्याच दिवशी बोलावण्यात आले. त्यानंतर जो पेच उभा राहिला तो या आजाराचा खास पेच आहे. ग्रंथी काम करत नसल्याने दादांना स्टेरॉइड मिळाले नसते तर जिवावर बेतले असते. आणि स्टेरॉइड तर लिम्फोमाच्या पेशीही मारते, त्यामुळे मोठी मात्रा आधी दिली तर गाठ तात्पुरती विरघळते आणि तुकड्यात निदान होण्यासारखे काही उरत नाही. डॉक्टरांनी यातून जो मार्ग काढला तो असा की, शरीराची रोजची गरज भागेल एवढेच हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड तातडीने सुरू करायचे आणि त्याहून मोठी मात्रा बायोप्सी होईपर्यंत कोणीही द्यायची नाही. केसपेपरच्या पहिल्या पानावर ही सूचना त्यांनी ठळक अक्षरांत लिहून ठेवली होती, म्हणून रात्रपाळीच्या डॉक्टरांनाही ती चुकवता आली नाही.

बायोप्सीपूर्वी आणखी एक तपासणी झाली, जिच्यामुळे माझा विश्वास वाढला. अधिवृक्क ग्रंथीत सुई घालण्याआधी ती गाठ रक्तदाब एकाएकी भडकवणाऱ्या फिओक्रोमोसायटोमाची तर नाही, हे मेटानेफ्रिनच्या तपासणीने पाहावे लागते. तशा गाठीला सुईचा धक्का लागणे धोक्याचे असते. अहवाल येईपर्यंत थांबावे लागले तेव्हा घरातील काही मंडळी अस्वस्थ झाली होती, परंतु थांबण्याचे कारण वहिनींना कळेल अशा मराठीत सांगण्यात आले. त्यानंतर सीटी स्कॅनच्या आधाराने जाड सुईने तुकडे घेण्यात आले. बारीक सुईने पेशी ओढून घेण्याची तपासणी लिम्फोमासाठी बहुधा अपुरी पडते, कारण पेशींची मांडणी तीत दिसत नाही. अहवालात डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, सीडी-२० पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर सीडी-२० हे प्रथिन असलेला, असे निदान होते. हाच प्रौढांतील नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोमाच्या दोन मुख्य गटांपैकी मोठ्या गटाचा, सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. जागा तेवढी निराळी होती. स्लाइड आणि मेणात जपलेल्या तुकड्याचा ब्लॉक परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दुसऱ्या मतासाठी न्यायचे आहेत, असे आम्ही संकोचाने सांगितले, तेव्हा कोणाच्याही कपाळावर आठी पडली नाही आणि दोन्ही गोष्टी नोंद करून लगेच हाती मिळाल्या. नाशिकमध्ये उपचार घ्यायचे की कसाऱ्याचा घाट उतरायचा, हा प्रश्न येथील प्रत्येक कर्करुग्णाच्या घरात चर्चिला जातो, आणि त्याचे उत्तर देताना ब्लॉक किती सहज मिळतो याकडे अवश्य पाहावे.

उपचार सुरू करण्याआधीच्या दक्षतेतही विभाग चोख होता. हिपॅटायटिस बी ची नेहमीची तपासणी निगेटिव्ह असूनही त्यांनी अँटी-एचबीसी ही वेगळी तपासणी करून घेतली आणि ती पॉझिटिव्ह आली. कधीकाळी होऊन गेलेला आणि यकृतात निपचित पडलेला हा विषाणू रिटुक्सिमॅबमुळे, म्हणजे सीडी-२० ला चिकटणाऱ्या लिम्फोमाच्या औषधामुळे, पुन्हा उसळू शकतो आणि त्यातून यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली या औषधाच्या माहितीपत्रकावर त्याविषयीचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. दादांना हा विषाणू दाबून ठेवणारे एन्टेकॅव्हिर सुरू झाले, आणि केमो संपल्यानंतरही किमान वर्षभर ते थांबवायचे नाही, असे सांगण्यात आले. पहिल्या केमोच्या वेळी ट्यूमर लायसिसची भीती होती. एकदम मेलेल्या पेशींतून पोटॅशियम, फॉस्फरस आणि यूरिक ॲसिड रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हणून आधीपासून सलाइन आणि ॲलोप्युरिनॉल देऊन दिवसातून अनेकदा रक्त तपासण्यात आले. एवढ्यांदा सुई टोचून घेताना दादा वैतागले खरे. पण आदल्या रात्री सिस्टरांनी त्यामागचे कारण सांगितले होते, त्यामुळे त्यांनी हात मागे घेतला नाही.

डे-केअर विभागाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण रुग्णाचा सर्वाधिक वेळ तेथे जातो. आर-चॉप या नावाने ओळखला जाणारा पाच औषधांचा हा संच दर २१ दिवसांनी दिला जातो. रिटुक्सिमॅबची पहिली मात्रा ताशी ५० मिलिग्रॅम अशा संथ गतीने सुरू करून हळूहळू वाढवतात. दादांना मध्येच हुडहुडी भरली तेव्हा सिस्टरांनी क्षणात औषध थांबवले, इंजेक्शन दिले आणि थंडी ओसरल्यावर निम्म्या गतीने पुन्हा सुरू केले. डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध शिरेबाहेर सांडले तर आजूबाजूचे मांस जळते. ते चालू असताना एक सिस्टर शेवटच्या थेंबापर्यंत शेजारून हलल्या नाहीत. लघवी लाल होईल, घाबरू नका, हेही त्यांनी आधीच बजावले होते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र सहज कोणाच्या नजरेस पडणार नाही. अधिवृक्क ग्रंथीतील लिम्फोमा मेंदूत उतरण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असल्याने दादांना पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट हे केमोचे औषधही द्यावे लागत होते. आर-चॉपमधील व्हिन्क्रिस्टिन चुकून कण्यात गेले तर ते जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरते, आणि जगात अशा चुका झालेल्या आहेत. त्यावर उपाय म्हणून व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या लहान पिशवीत मिसळून द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, कारण पिशवी कण्याच्या सुईला कोणी लावणार नाही. या विभागात ते पिशवीतूनच दिले जाते, आणि कण्यातील औषधाचा दिवसही वेगळा ठेवला जातो. चकचकीत स्वागतकक्षापेक्षा या दोन गोष्टींना मी कितीतरी जास्त मोल देतो.

मेंदूच्या संरक्षणासाठी मोठ्या मात्रेचे मेथोट्रेक्सेट शिरेतून देण्याचा दुसरा मार्गही असतो. मात्र त्यासाठी रक्तातील औषधाची पातळी रोज मोजावी लागते आणि ती तपासणी या रुग्णालयात होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो. डॉक्टरांनी हे आपण होऊन सांगितले, आणि दोन्ही मार्गांचा नेमका फायदा किती याविषयी तज्ज्ञांतच एकमत नाही, हेही लपवले नाही. वयाचा आणि मूत्रपिंडांचा विचार करून आम्ही कण्यातील मार्ग स्वीकारला. कर्करोगावर उपचार करणाऱ्या रुग्णालयाने पातळी मोजण्याची सोय स्वतःकडे ठेवायला हवी, असे मला वाटते. डॉक्टरांचा सरळपणा ही त्या उणिवेची भरपाई होऊ शकत नाही.

आता तक्रार. आर-चॉपमध्ये पहिले पाच दिवस रोज १०० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असते, आणि सहाव्या दिवशी ते बंद होते. इतर रुग्णांच्या ग्रंथी शाबूत असल्याने त्यांचे बहुधा निभावते. दादांच्या बाबतीत सहाव्या दिवसापासून त्यांचे नेहमीचे हायड्रोकॉर्टिसोन पुन्हा सुरू व्हायला हवे होते. पहिल्या फेरीत डॉक्टरांनी ते हाताने लिहून दिले होते. नंतरच्या एका फेरीत डिस्चार्जचा कागद संगणकातील ठरावीक नमुन्यावरून निघाला, त्यावर प्रेडनिसोलोन पाच दिवस घेऊन बंद करा एवढेच छापलेले होते, आणि हायड्रोकॉर्टिसोनचा उल्लेखच नव्हता. निवासी डॉक्टरांना मी तेथेच विचारले असता, कागदावर आहे तेच घ्या, जास्त स्टेरॉइड चांगले नसते, असे उत्तर मिळाले. १०० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे सुमारे ४०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या ताकदीचे औषध; तेथून एकदम शून्यावर आलेल्या दादांना पुढच्या दोन दिवसांत उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखू लागले आणि बसते केले तरी भोवळ येऊ लागली.

रात्री निफाडहून गाडी करून त्यांना आणले. कॅज्युअल्टीतील डॉक्टरांनी ही केमोची उलटी आहे असे धरून उलटीचे इंजेक्शन आणि सलाइन लावले. रक्तदाब खालीच राहिला. अधिवृक्क ग्रंथींचा आजार फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेला होता, परंतु ती जाडजूड फाइल बाकावर आमच्या पिशवीतच राहिली, कारण ती कोणी मागितली नाही, आणि आम्ही ती पुढे केली तेव्हा सकाळी बघू असे सांगण्यात आले. फाइलवर छापलेल्या विभागाच्या चोवीस तास चालणाऱ्या दूरध्वनीवर मी संपर्क साधला. तो उचलला गेला, आणि मुख्य डॉक्टरांनी फोनवरूनच कॅज्युअल्टीला १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन ताबडतोब शिरेतून देण्यास सांगितले. तासाभरात दादा बोलू लागले. विभाग उत्तम आणि त्याच इमारतीतील कॅज्युअल्टी त्याच्याशी अनोळखी, हे चित्र मला धक्कादायक वाटले. डिस्चार्जचा नमुना सगळ्या रुग्णांना एकच का असावा, रुग्णाच्या नातेवाइकाने नेमका प्रश्न विचारल्यावर निवासी डॉक्टरांनी वरिष्ठांना विचारण्याची तसदी का घेऊ नये, आणि संगणकावर रुग्णाचे नाव टाकताच असा इशारा समोर का येऊ नये, या तीन मुद्द्यांवर माझी तक्रार आहे. डॉक्टरांनी स्वतः भेटून दिलगिरी व्यक्त केली. संस्थेचे उत्तर यायचे आहे.

दुसऱ्या गुंतागुंतीच्या वेळी, म्हणजे पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना ताप आला तेव्हा, याच कॅज्युअल्टीचे वर्तन निराळे होते, हेही नोंदवले पाहिजे. १००.४ अंशांवर ताप गेला की थांबायचे नाही, असे आम्हाला शिकवलेले होते. पोहोचताच जंतू शोधण्यासाठी रक्ताचे कल्चर घेऊन तासाभराच्या आत प्रतिजैविक सुरू झाले, आणि आजारपणात लागणारी हायड्रोकॉर्टिसोनची वाढीव मात्राही कोणी न सांगता दिली गेली. म्हणजे जो प्रसंग त्यांच्या नेहमीच्या सरावातला होता तो त्यांनी बिनचूक हाताळला. अपवादासाठी यंत्रणा नव्हती, आणि लिम्फोमा हा अपवादांनी भरलेला आजार आहे.

याची जाण विभागाच्या मुख्य डॉक्टरांना पुरेपूर आहे, हे रुग्ण आणि नातेवाइकांसाठी ते घेत असलेल्या मराठी बैठकीत दिसते. ही बैठक विनामूल्य असते आणि माझ्या मते या सेवेतील ती सर्वांत मोलाची गोष्ट आहे. तेथे कळले की लिम्फोमाच्या दुसऱ्या मुख्य गटात, म्हणजे हॉजकिन लिम्फोमात, गाठ लक्षात येण्याआधी महिनोन्‌महिने केवळ अंगाला खाज सुटू शकते आणि घरादाराला खरजेचे मलम लावून होते. क्वचित मद्याच्या घोटानंतर गाठीत कळ येते. क्वचित यकृतात गाठ नसतानाही पित्तनलिका नाहीशा होत जाऊन कावीळ होते, किंवा मूत्रपिंडांतून प्रथिने वाहून जाऊन अंगावर सूज येते. मद्याचा उल्लेख झाला तेव्हा सभागृहात थोडी हालचाल झाली आणि दोन-तीन वहिन्यांनी आपापल्या यजमानांकडे पाहिले. हनुवटीचा अर्धा भाग बधिर होणे, हे दातांच्या दवाखान्यात जाण्याचे लक्षण वाटते. पण दातात काही न सापडल्यास जबड्यातील मज्जातंतूपाशी लिम्फोमा असू शकतो. मोठ्या माणसात आतड्यात आतडे शिरून शस्त्रक्रिया करावी लागली, तर त्या जागी गाठ आहे का हे पाहावेच लागते, आणि ती कधी लिम्फोमाची निघते.

मला सर्वांत विलक्षण वाटला तो रक्तवाहिन्यांच्या आतच वाढणारा प्रकार. त्यात गाठ कोठेच नसते. ताप, गोंधळलेले बोलणे, दम लागणे आणि रक्तात वाढलेले एलडीएच हे विकर एवढेच दिसते, आणि निदान कधी कधी निरोगी दिसणाऱ्या त्वचेचे तुकडे तपासून होते. पावसाळ्यात नाशिकमध्ये ताप आणि घसरलेल्या प्लेटलेट म्हणजे डेंग्यू, असे आपण गृहीत धरतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. मात्र ताप आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल, प्लीहा वाढलेली असेल आणि रक्तातील फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन हजारोंच्या घरात गेले असेल, तर शरीराच्या संरक्षक पेशी बेभान होऊन स्वतःच्याच रक्तपेशी गिळत असण्याची शक्यता असते, आणि त्यामागे लिम्फोमा दडलेला असू शकतो. याच्या उलट दिलासा देणारा अपवादही त्यांनी सांगितला: जठराच्या माल्ट, म्हणजे आतील अस्तरात वाढणाऱ्या, लिम्फोमात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला, तर पुष्कळदा केवळ त्या जंतूवरील प्रतिजैविकांच्या उपचाराने रोग मावळतो.

बैठकीत इतके सांगितले जात असताना विभागाची छापील पुस्तिका मात्र मानेतल्या गाठीपलीकडे जात नाही. गुळगुळीत कागदावरील त्या पुस्तिकेत हसऱ्या परदेशी कुटुंबांची छायाचित्रे भरपूर आहेत आणि ग्लानी, रक्तदाब घसरणे किंवा व्हिन्क्रिस्टिनमुळे पोट न हलणे यांविषयी एक ओळही नाही. दादांना पोट फुगण्याचा त्रास झाला तेव्हा उपयोगी पडली ती सिस्टरांनी वहीत लिहून दिलेली रेचकाची मात्रा.

खर्चाविषयी दोन शब्द. रिटुक्सिमॅबचे भारतीय कंपन्यांनी बनवलेले समकक्ष औषध २००७ पासून उपलब्ध आहे, आणि येथे रुग्णाला मूळ कंपनीचे आणि भारतीय औषध या दोन्हींच्या किमती न मागता दाखवल्या जातात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा कक्ष तळमजल्यावर आहे. तेथील कर्मचारी सौजन्यशील असले तरी मंजुरी येईपर्यंतच्या तपासण्यांचे पैसे भरावे लागले. उपाहारगृह साधारण, वाहनतळ अपुरा, लिफ्ट संथ. पांढऱ्या पेशी कमी असताना न शिजवलेली फळे नकोत, या नियमामुळे द्राक्षबागेच्या मालकाला ऐन हंगामात आपल्याच मालापासून दूर राहावे लागले, याला रुग्णालयाचा इलाज नाही. आजार उलटला तर पुढे काय, असे विचारल्यावर सीएआर-टी, म्हणजे रुग्णाच्याच संरक्षक टी-पेशी बदलून रोगावर सोडण्याच्या, उपचारांचे नाव निघाले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार१९ या सीएआर-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली आहे. ती सोय आमच्याकडे नाही, त्यासाठी मुंबईला पाठवू, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

उपचारांनंतरच्या पेट-सीटीत रोग दिसला नाही, परंतु ग्रंथींचे काम परत आलेले नाही आणि ते येईलच असे सांगता येत नाही. त्यामुळे दादांचा या विभागाशी संबंध टिकून राहणार आहे. संप्रेरकतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ एकाच दिवशी भेटतील अशी वेळ आता दिली जाते, त्यामुळे निफाडहून एकच खेप पुरते. वहिनींना अडीअडचणीला हायड्रोकॉर्टिसोनचे स्नायूत इंजेक्शन देण्याचे शिक्षण सिस्टरांनी प्रात्यक्षिकासह दिले. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळतीलच असे नाही, तर रुग्णालयाच्या औषध दुकानात त्या नियमित असतात. मात्र ते एका वेळी महिन्यापुरत्याच देतात, आणि बाहेरगावच्या रुग्णांसाठी ही मर्यादा तीन महिन्यांपर्यंत वाढवावी, अशी मागणी मी त्याच तक्रारपत्रात जोडली आहे.